‘आम्ही’, ‘आपण’ आणि मागची सीट

दूरच्या प्रवासाला दोघांसाठी कोणती मोटारसायकल घ्यावी, या विषयावर मराठीत जे लिहिले जाते, ते वाचताना आम्हांला एक व्याकरणिक गोष्ट सतत खटकत आली आहे. ‘आम्ही लेहला गेलो’ असे लेखक लिहितो आणि चार परिच्छेदांनंतर ध्यानात येते, की या ‘आम्ही’त लेखक आहे आणि त्याची गाडी आहे. मागे बसून तितकेच अंतर कापलेली व्यक्ती त्या सर्वनामात नाही. ती पाचव्या परिच्छेदात, चहासाठी थांबू या म्हणण्यापुरती येते.

हा प्रश्न क्षुल्लक नाही, असे आमचे म्हणणे आहे. मराठीने ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद जपला आहे. पहिल्यात ऐकणारा वगळलेला असतो, दुसऱ्यात धरलेला. इंग्रजीला वा प्रमाण हिंदीला ही सोय नाही. इतकी नेमकी भाषा हाताशी असूनही मोटारसायकलची निवड आपल्याकडे ‘आम्ही’त होते, आणि प्रवास मात्र ‘आपण’ करायचा असतो.

परीक्षणांची रचनाच पाहावी. इंजिनाची क्षमता, अश्वशक्ती, टॉर्क, मायलेज यांना परिच्छेदामागून परिच्छेद. आणि शेवटी, ‘मागची सीट पुरेशी आहे’. पुरेशी कोणासाठी? तिच्यावर किती वेळ बसून हे ठरवले? हे वाक्य लिहिणारा बहुधा पुढेच बसलेला असतो. एखाद्या कादंबरीतील दुय्यम पात्राविषयी असे एका ओळीत उरकणारा समीक्षक आपण गंभीरपणे घेतला नसता.

वस्तुतः मागच्या व्यक्तीचे सुख मोजता येण्याजोगे आहे. सीट रुंद आणि सपाट आहे की उंचावलेली, उतरती? फूटरेस्ट इतके वर आहेत का, की तासाभरात गुडघे आखडावेत? हाताने धरायला दांडी आहे का, पाठीला टेकू आहे का, सायलेन्सरची धग पोटरीला लागते का? शिवाय वजनाचा हिशेब आहे. सत्तर किलोंचा एक, साठ किलोंचा दुसरा आणि तीस किलो सामान धरले, तर एकशे साठ किलो होतात. गाडीला झेपणाऱ्या एकूण वजनातून गाडीचे स्वतःचे वजन वजा केल्यावर एवढे उरते का, हे घेण्याआधी पाहायला हवे. मागच्या शॉकॲब्सॉर्बरच्या स्प्रिंगचा ताण दोघांच्या वजनानुसार वाढवता येतो. तो न वाढवता निघाले, की प्रत्येक खड्डा मागच्याच्या कण्यात जातो.

इंजिनाचे आकडे याविषयी काहीच सांगत नाहीत. रॉयल एन्फील्डने २०१८ मध्ये ‘इंटरसेप्टर ६५०’ आणि ‘कॉन्टिनेन्टल जीटी ६५०’ या दोन गाड्या आणल्या. दोन्हींत तेच ६४८ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन. एकीवर हँडल रुंद, बैठक सरळ, सीट लांब आणि सपाट. दुसरीवर चालक पुढे झुकलेला, आणि हवी तर एकट्यापुरतीच सीट. तक्त्यातले आकडे जुळतात, पण मागे बसणाऱ्याला त्या दोन वेगळ्या गाड्या आहेत. कारखानदारांना हे कळत नाही असेही नाही. २०२० मध्ये आलेल्या ‘मीटिऑर ३५०’च्या एका आवृत्तीत मागच्यासाठी टेकू कारखान्यातूनच बसवलेला होता.

गंमत अशी, की कायद्याने या व्यक्तीची दखल साहित्याच्या आधी घेतली. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ वा नियम मागच्यासाठी पकड, पाय ठेवण्याची जागा आणि चाकात कपडे अडकू नयेत म्हणून निम्म्या चाकाला आच्छादन सक्तीचे करतो. ज्याला आपण साडीगार्ड म्हणतो आणि गाडी ‘देखणी’ दिसावी म्हणून काढून टाकतो, ते हेच.

साहित्यात या मागच्या जागेचे सर्वांत अस्वस्थ करणारे चित्र रॉबर्ट पिर्सिग यांच्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स’ (१९७४) या पुस्तकात आहे. मिनेसोटातून कॅलिफोर्नियापर्यंतच्या प्रवासात निवेदकाचा मुलगा ख्रिस मागे बसलेला असतो. निवेदक ‘गुणवत्ते’चे तत्त्वज्ञान रचत राहतो, मुलाचे पोट दुखते, तो कुरकुरतो, रडतो. अगदी शेवटी तो फूटरेस्टवर उभा राहतो, तेव्हा कुठे त्याला बापाच्या खांद्यांपलीकडचा रस्ता दिसतो. तोवरच्या सबंध प्रवासात त्याला समोर मुख्यतः एक पाठ दिसत होती. या पुस्तकावर बोलताना आपण तत्त्वज्ञानाबद्दल भरभरून बोलतो. सीटबद्दल कोण बोलते?

यावर पूर्वपक्ष ठरलेला आहे: मोटारसायकल हे एकट्याच्या स्वातंत्र्याचे वाहन आहे, दोघांचे सुख हवे असेल तर चारचाकी घ्यावी. एकट्याने जाणाऱ्याशी आमचे भांडण नाही. पण मागे माणूस बसवून एकटेपणाचे तत्त्वज्ञान सांगणे हा अप्रामाणिकपणा आहे. दुसरा आक्षेप असा, की जीव चालवणाऱ्याच्या हाती असतो, म्हणून त्याची सोय आधी. हे अर्धसत्य आहे. अवघडलेला माणूस सारखा सरकतो, ब्रेक लागताच पुढे घसरतो, आणि त्याची प्रत्येक हालचाल हँडलपर्यंत पोहोचते.

हे आम्ही शहाणपणाच्या उंचीवरून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी रूप पाहून घेतलेल्या एका गाडीवरून पत्नीसह पुण्याहून गणपतीपुळ्याला निघालो होतो. मागची सीट उंच, निमुळती. कराडपर्यंत तिने तीनदा विचारले, ‘अजून किती?’ तिसऱ्यांदा आम्ही चिडलो. आंबा घाट उतरताना दर वळणावर तिचे हेल्मेट आमच्या हेल्मेटवर आदळत होते. आम्हांला वाटले, तिला डुलकी लागते आहे. परतीला ती रत्नागिरीहून एसटीने आली. त्या प्रवासावर आम्ही पुढे लेख लिहिला. त्यात ‘आम्ही आंबा घाट उतरलो’ असे वाक्य आहे, आणि घाटाचे वर्णन बरे साधले आहे असे त्या वेळी वाटले होते. ती एसटी त्यात नाही.

म्हणून आमचा आग्रह साधा आहे. गाडी पाहायला दोघांनी जावे. मागे बसणाऱ्या व्यक्तीने, प्रवासात घालणार त्याच कपड्यांत आणि हेल्मेटसह, आधी बसावे. निदान तासभर फिरून यावे. तिने नको म्हटले तर ती गाडी बाद. इंजिनाची चर्चा त्यानंतर. आणि ज्याला परीक्षण लिहायचे आहे, त्याने शंभर किलोमीटर मागे बसून यावे. मग ‘पुरेशी’ हा शब्द तो इतक्या सहज लिहील, असे आम्हांला वाटत नाही.