दिवसाची वीज, भूमिहीनाचा वाटा

खर्डा म्हटलं की 1795 ची लढाई आठवते. आज इथला शेतकरी झगडतो तो दिवसा विजेसाठी. 2017 ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्याच्यासाठीच आहे, आणि ती हवीच. पण ज्याला जमीनच नाही, त्याचं काय? गायरानात पॅनल बसले की त्याच्या शेळ्यांची चराई जाते.

2023 च्या दुसऱ्या टप्प्यात प्रकल्पाच्या ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख, असे 3 वर्षं द्यायचं ठरलं. मी इंजिनिअर, मेगावॅट मोजणं मला सोपं वाटतं. पण त्या पैशातून भूमिहीन बाईच्या पिठाच्या गिरणीला, शिलाई मशीनला काय मिळणार? दोस्तांनो, ग्रामसभेत हे विचारा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या.