पट्ट्यावर बाईचं नाव कुठंय?



परवा एका गावात वनहक्क दाव्यांची फाईल घेऊन बसलो होतो. एकेक दावा उलटत गेलो. नवऱ्याचं नाव, सासऱ्याचं नाव, दिराचं नाव. बाईचं नाव शोधून सापडेना. विचारलं, तर कारभारी म्हणाले, "आधी जमीन तर मिळू द्या, बायांचं मग बघू."

हे 'मग' आम्ही लई वर्षं ऐकतोय.

नेवाड काढताना झाडोरा पुरुषांनी तोडला, मान्य. पण दगड कुणी वेचले? निंदणी कुणी केली, रात्रीची राखण कुणी केली? जंगलखात्याची माणसं पीक मोडायला आली तेव्हा पोर काखेत घेऊन आडवं कोण उभं राहिलं? दंड भरायला पैसा नव्हता तेव्हा गळ्यातली चांदी कुणी मोडली? पावतीवर नाव नवऱ्याचं, चांदी बाईची. आज तीच पावती आपण पुरावा म्हणून दाव्याला जोडतो, आणि बाईला मात्र विसरतो.

2006 चा वनहक्क कायदा काय म्हणतो? लग्न झालेलं असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे. एकटी बाई कसत असेल तर तिच्या एकटीच्या नावे. हे कायद्याच्या कलम 4 मध्ये लिहिलंय. ही कुणाची मेहेरबानी नाही. दुसरी बायको आणली म्हणून पहिलीला घराबाहेर काढतात, नवरा मेला की दीर शेतात नांगर घालतात. अशा किती बाया आपल्याच पाड्यांत आहेत, मोजा. पट्ट्यावर नाव असतं तर त्यांना कुणाच्या दारात जावं लागलं नसतं.

काही जण म्हणतात, बायांचा विषय काढला की लढ्यात फूट पडते. उलट आहे भाऊ! वनहक्क समितीत 10 ते 15 माणसं, त्यात निदान एक तृतीयांश बाया लागतात. दावे ठरवणाऱ्या ग्रामसभेला निम्मी माणसं हजर लागतात, आणि हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश बाया. बाया नसल्या तर ठराव कच्चा. मग वरच्या कमिटीला फाईल परत पाठवायला आयतं निमित्त. म्हणजे बायांना घरी बसवणारा लढा मजबूत करत नाही, साहेबाचं काम सोपं करतो.

आणि हजर म्हणजे काय? सभा ठेवायची भाकरी भाजायच्या वेळी, नंतर रजिस्टर घरोघर फिरवून अंगठे घ्यायचे. अशा अंगठ्यानं कोरम भरतो, बाई पुढारी होत नाही.

सरकारला बाई स्वावलंबी करायची घाई फार. पापड शिकवतात, शिलाई मशीन वाटतात, फोटो काढतात. बचतगटाला आमचा विरोध नाही. पण ज्या बाया मोह वेचतात, डिंक काढतात, चारोळी फोडतात, तेंदूपत्ता खुडतात, त्यांच्या मालाचा भाव व्यापारी ठरवतो. उन्हाळ्यात मिठा-तेलाच्या बदल्यात नेलेला मोह पावसाळ्यात आपल्यालाच महाग विकतो. गौण वनोपजावर मालकी आपली आहे, हे कायद्यानं मान्य केलंय. वाहतूक परवाना द्यायचा अधिकारही ग्रामसभेच्या समितीचा. गडचिरोलीत मेंढा-लेखाच्या ग्रामसभेनं 2011 मध्ये स्वतःच्या बांबूचा परवाना स्वतःच्या हातात घेतला. आमच्या बायांनी तराजू हातात घ्यावा, भाव सभेत ठरवावा. याला आम्ही स्वावलंबन म्हणतो.

एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. बाई बोलू लागली, तिच्या नावावर जमीन आली, की कुणी तरी तिला डाकीण म्हणतं. आजार गावात असतो, डोळा तिच्या शेतावर असतो. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं हा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण पोलीस येईपर्यंत बाई जिवंत राहायला हवी. तेव्हा पहिली उभी राहायची जबाबदारी संघटनेची. जो डाकीण ठरवण्याच्या पंचात बसेल, तो आमच्या मोर्चात पुढं चालणार नाही.

सत्तरच्या दशकात शहाद्याच्या बाया गावोगाव फिरून दारूचे माठ फोडत होत्या. त्यांना कुणी पुढारीपणाचं ट्रेनिंग दिलं नव्हतं. एकीनं पुढं झाल्या, म्हणून पुढारी झाल्या.

तेव्हा येत्या ग्रामसभेआधी प्रत्येक पाड्यानं एवढं करावं:

1. प्रत्येक दावा काढून बघा. बायकोचं नाव नसेल तर घाला.
2. विधवा, टाकलेल्या, एकट्या बायांचे दावे आधी भरा.
3. सभा दिवसा, बायांना विचारून ठेवा. तेवढा वेळ पोरं पुरुषांनी सांभाळावीत.
4. ठराव मोठ्यानं वाचून, समजावून मगच अंगठा घ्या.

जमीन दोघांनी कसली, पट्टा दोघांचा!
बाई सभेत, तर जंगल हातात!

जिंदाबाद!