गाळ काढून पूर थांबेल?



‘बिच्छनचं पात्र खोल करा, पूर थांबेल’ हे पत्र वाचलं. सूचना सोपी आहे, म्हणूनच फसवी. सापन आणि बिच्छन या नद्या गाविलगडच्या डोंगरातून तीव्र उताराने धावत येतात. पायथ्याशी उतार एकदम मोडतो, पाण्याचा जोर ओसरतो. आधी धोंडे बसतात, मग रेती. बारीक गाळ तेवढा पुढे पूर्णेत आणि तिथून तापीत जातो. म्हणजे आज खणलेलं पात्र पुढचे मोठे पूर पुन्हा भरणार. कंत्राटदाराची मात्र दरसाल सोय! शिवाय याच धोंड-रेतीच्या थरांतून पाणी मुरून आपल्या संत्राबागांच्या विहिरींना मिळतं. हे थर उपसून कसं चालेल? खर्चच करायचा तर तो वर, डोंगरउतारावरची माती धरून ठेवण्यावर व्हावा, आणि पूररेषेच्या आत एकाही बांधकामाला परवानगी देऊ नये.

– एक वाचक, अचलपूर