नकाशात आजी-आजोबा कोठे आहेत?

मिरजेच्या ब्राह्मणपुरीत आता जुने वाडे शोधावे लागतात. नव्या घराच्या नकाशात 'मास्टर बेडरूम' असते, मुलांची खोली असते, मोटारीलाही जागा असते. ज्यांच्या आयुष्यभराच्या बचतीतून घर उभे राहते, ते आई-वडील मात्र पुष्कळदा पाहुण्यांच्या खोलीत सामावले जातात. कुटुंबव्यवस्थेच्या ऱ्हासाची चिंता व्यासपीठांवरून व्यक्त होते. पण त्या ऱ्हासाची सुरुवात अनेकदा नकाशाच्या कागदावरच झालेली असते.

वाड्यांसाठी गळा काढून हा प्रश्न सुटणार नाही. ओसरीवर बसलेल्या आजोबांचा गल्लीशी संबंध तुटत नसे, हे खरे. पण काळोख्या माजघरात सुनेला हक्काचा कोपराही नसे, हेही प्रांजळपणे मान्य करावयास हवे. जपावयाचे आहे ते पिढ्यांच्या सहवासाचे तत्त्व. याच शहरातील सतारमेकर गल्लीत दीडशे वर्षांहून अधिक काळ तंतुवाद्ये घडत आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ही विद्या पुस्तकातून टिकलेली नाही. आजोबांच्या हाताकडे पाहत नातू ती शिकत आला.

असा सहवास आजच्या घरात साधता येतो. तळमजल्यावर, रस्त्याकडे खिडकी असलेली खोली ज्येष्ठांची असावी. लागूनच न्हाणीघर, तेथे न घसरणारी फरशी व भिंतीला आधाराची दांडी असावी. चाकांची खुर्ची जाईल एवढा, तीन फुटी दरवाजा असावा. पायरीजवळ एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार असावा. वर मुलगा-सुनेचे स्वतंत्र दालन, हवा तर लहानसा ओटाही असावा. देवघर आणि जेवणाची जागा मात्र एकच असावी. मिरज हे रुग्णालयांचे गाव. पाय मोडलेल्या वृद्धाला घरी आणल्यावर जिना कसा चढवायचा, हा प्रश्न येथे तरी कोणास नवा नाही.

आई-वडिलांच्या सांभाळासाठी संसदेला २००७ साली कायदा करावा लागला. कायद्याने निर्वाहभत्ता मिळेल. संध्याकाळी शेजारी येऊन बसणारा नातू मिळणार नाही. म्हणून नकाशा मंजुरीसाठी देण्यापूर्वी तो घरातील दोघींना अवश्य दाखवावा : सर्वांत वडीलधाऱ्या आजीला आणि नुकत्याच आलेल्या सुनेला. दोघींनाही त्यात आपली जागा सापडली, तरच बांधकामास हात घालावा.