पायलिंगच्या यंत्रावर आपला पोरगा कधी बसणार?

जळगाव-छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचे पहूर हे जामनेर तालुक्यातले मोठे गाव. पेठ आणि कसबे असे त्याचे दोन भाग, शेजारी वाघूर नदी. पाचोरा-जामनेर छोटी रेल्वे याच गावावरून जात असे. 2020 च्या टाळेबंदीत ती थांबली आणि पुढे तिच्या ब्रॉडगेजला मंजुरी मिळाली. महामार्गाच्या रखडलेल्या चौपदरीकरणाबद्दल तर प्रवाशांना काही सांगायलाच नको! रस्ता असो की रेल्वे, पूल येतोच आणि पुलाला पाया लागतो. प्रश्न असा आहे की, या पायाच्या कामावर आमच्या वस्तीतला तरुण नेमका कुठे उभा असतो?

बहुतेक ठिकाणी तो खाली चिखलात असतो. हातात फावडे, पायात फाटकी चप्पल. वर केबिनमध्ये बसून यंत्र चालवणारा ऑपरेटर बाहेरून आलेला असतो, कुणाच्या तरी मेव्हण्याच्या किंवा मामाच्या ओळखीने तयार झालेला. त्याच्याशी आमचे भांडण नाही. तोही मजूरच आहे. पण ज्याचा मामा यंत्रावर नाही त्याने काय करायचे?

आधी काम समजून घेऊ. जमिनीत खोलवर काँक्रीटचे खांब उभारायचे आणि त्यावर पूल किंवा इमारत पेलायची, याला पायलिंग म्हणतात. खाडीच्या मऊ गाळात तयार खांब हातोड्याच्या यंत्राने ठोकून घालता येतात. आपल्याकडे खाली काळा पाषाण असल्याने बहुधा आधी भोक पाडावे लागते. पूर्वी तिकाटणे आणि विंच लावून छिन्नीने ठोकत ठोकत खाली जात. आता हायड्रॉलिक रिग आली. रिग उभी नीट झाली नाही तर भोक तिरके जाते. माती ढासळू नये म्हणून बेंटोनाइटचे पाणी भरतात, मग सळयांचा पिंजरा सोडतात आणि नळीतून तळापासून काँक्रीट भरत वर येतात. मातीचा थर संपून खडक कधी लागला, हे ऑपरेटरला यंत्राच्या आवाजावरून आणि वर येणाऱ्या गाळावरून ओळखावे लागते. हे कसब आहे, आणि कसबाला दाम मिळतो. हेल्परच्या आणि ऑपरेटरच्या पगारातले अंतर कोणत्याही साइटवर विचारून पाहा.

12 व 13 फेब्रुवारी 1938 रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. अध्यक्षपदावरून बाबासाहेबांनी हेच दुखणे मांडले होते. रेल्वेत अस्पृश्य गँगमन म्हणून भरती होतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. साधा पोर्टरही होऊ शकत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरातली कामे करावी लागतात. गिरण्यांत जास्त पगाराचे विणकाम खाते त्याला बंद. पुढे 1942 च्या ऑक्टोबरमध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी शास्त्रीय आणि तांत्रिक शिक्षणासाठी सरकारी पैसा मागितला. आज दार उघडपणे कोणी लावत नाही. "अनुभव आहे का?" एवढेच विचारतात. अनुभव यंत्रावर बसल्याशिवाय येत नाही आणि अनुभवाशिवाय यंत्रावर कोणी बसू देत नाही.

खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही, असे म्हणून आमचे पुढारी मोकळे होतात. अर्धेच खरे आहे! शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 चे कलम 3-अ वाचा. नियुक्त व्यवसायांत शिकाऊ उमेदवारांच्या जागा अनुसूचित जाती-जमातींसाठी राखून ठेवण्याचे बंधन त्यात मालकावर आहे, आणि मालकांत खाजगी कंपन्याही येतात. 30 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने, कंत्राटी धरून, एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेतले पाहिजेत, असे 2019 च्या नियमांत आले. कोट्यवधींचा पूल बांधणाऱ्या ठेकेदाराने किती शिकाऊ घेतले, त्यात आमचे किती, हे किती संघटनांनी माहितीच्या अधिकारात विचारले? पुतळ्याच्या जागेवरून आम्ही चार गट पाडतो, हा अर्ज मात्र एकही गट करीत नाही.

दहावी झालेल्या पोराने आयटीआयला डिझेल मेकॅनिक किंवा फिटर करावे. त्यानंतर बांधकाम कंपनीच्या यंत्रशाळेत शिकाऊ म्हणून शिरावे. ज्याला यंत्र दुरुस्त करता येते, त्याला यंत्रावर बसण्यापासून फार दिवस रोखता येत नाही. इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिल यंत्रचालकांचे अभ्यासक्रम ठरवते. प्रमाणपत्र त्या चौकटीतले आहे का, हे फी भरण्याआधी पाहावे. गल्लीतल्या 'जेसीबी क्लास'ला आईचे डोरले गहाण टाकून पैसे देऊ नयेत. आणि शासनानेही थोडा विचार करावा. आमच्या बचत गटांना 90 टक्के अनुदानावर मिनी ट्रॅक्टर देता, ठीक आहे. पण ज्याला शेतच नाही, त्याला बार्टीने किंवा महात्मा फुले महामंडळाने रिगचे प्रशिक्षण का देऊ नये?

काम मिळाले की कागद मागा. कामगार नुकसानभरपाईच्या दाव्यात पहिला प्रश्न हाच येतो की, हा माणूस कामावर होता याला पुरावा काय? रिग कलंडते, बूम विजेच्या तारेला लागतो, उघड्या भोकात माणूस जातो. 1 ऑगस्ट 2023 च्या पहाटे समृद्धी महामार्गावर शहापूरजवळ गर्डर लाँचर कोसळून 20 जण ठार झाले. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याखाली 1998 चे केंद्रीय नियम झाले, त्यांत पायलिंगसाठी वेगळे प्रकरण होते: चालकाला वरून पडणाऱ्या वस्तूंपासून संरक्षण, कामगारांना कामाच्या आधी सूचना. तो कायदा आता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रमसंहितांत सामावला आहे. या संहितांवर आमचे आक्षेप पुष्कळ आहेत, ते स्वतंत्रपणे मांडू. पण प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देण्याची सक्ती त्यात आहे, ती वापरलीच पाहिजे. नियुक्तिपत्रावर पद 'हेल्पर' लिहून रिग चालवून घेत असतील, तर सही करण्याआधी पद दुरुस्त करून घ्यावे. वर्षात 90 दिवस बांधकामावर भरले की कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. ते 90 दिवसांचे प्रमाणपत्र काम संपण्याआधीच ठेकेदाराकडून घ्यावे; रिग ट्रेलरवर चढून दुसऱ्या जिल्ह्यात गेली की तो फोन उचलत नाही.