दाणे चालतात ना?



कांदा-लसूण नाही, बटाटा नाही. मग आपल्या जैन रसोईत रस्सा दाट करतं कोण? दाण्याचं कूट! ठाणं असो की डोंबिवली, भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, मुलांच्या हातात चिक्की.

एखाद्या लेकराला मात्र हेच दाणे सोसत नाहीत. खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर २ तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, घसा खाजतो, उलट्या होतात. “पित्त उठलंय, आमसूल लावा” म्हणून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. श्वास घरघरला, आवाज बसला किंवा मूल एकदम मलूल झालं, तर लगेच १०८. डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन जवळ ठेवायला दिलं असेल, तर आधी ते मांडीत द्या.

बंद पाकिटावर शेंगदाण्याची सूचना छापावीच लागते. लोकलमधल्या सुट्या चिक्कीवर, पंगतीतल्या भाजीवर ती कोण छापणार?

“कांदा-लसूण चालतो ना?” असं कुणी आपल्याला विचारलं, की किती बरं वाटतं! मग स्वामीवात्सल्यात “याला दाणे चालत नाहीत” म्हणणाऱ्या आईला “एका घासानं काय होतंय” असं का ऐकवायचं? एका घासानंही होतं. वाढण्याआधी विचारणं आणि आग्रह न करणं, हीसुद्धा जयणाच आहे.