पालकांनाही गणवेश?

शाळा नावाच्या व्यवस्थेत विद्यार्थी, शिक्षक आणि पालक असे तीन घटक असतात. यांपैकी विद्यार्थ्याच्या अंगावर काय असावे, हे गणवेशाने केव्हाच ठरवून टाकले आहे. शिक्षकांनी काय घालावे, याच्या मार्गदर्शक सूचना महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये काढल्या. जीन्स व टी-शर्ट नको, गडद रंगाचे वा नक्षीचे कपडे नकोत, महिलांनी साडी किंवा सलवार-कुर्ता व ओढणी, पुरुषांनी पँटमध्ये खोचलेला शर्ट, इतक्या तपशिलात त्या शिरल्या होत्या. उरला तो पालक. सकाळी मुलाला शाळेच्या फाटकापर्यंत सोडणाऱ्या आणि सुटण्याच्या वेळी पुन्हा तिथेच ताटकळणाऱ्या आई-वडिलांनी कोणत्या वेषात यावे, याचा सरकारी नियम आपल्याकडे नाही. अलिखित नियम मात्र आहे आणि प्रत्येक पालक तो ओळखून असतो. असा अलिखित नियम लेखी झाला की काय घडते, हे परदेशांतील दोन शाळांच्या उदाहरणांवरून पाहता येते.

पहिले उदाहरण इंग्लंडमधील डार्लिंग्टन या गावचे. तेथील स्कर्न पार्क अकादमी या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका केट चिझम यांनी जानेवारी २०१६ मध्ये पालकांना एक पत्र धाडले. मुलांना सोडायला येताना रात्री झोपताना घातलेले पायजमे आणि पायांत सपाता अशा अवतारात येऊ नये, सकाळी उठून तोंड धुऊन नीट कपडे करून यावे, अशी विनंती त्या पत्रात होती. केवळ फाटकापर्यंतच नव्हे, तर शाळेतील बैठका आणि कार्यक्रमांनाही काही पालक त्याच कपड्यांत येऊ लागल्याने हे पत्र लिहावे लागल्याचे त्यांचे म्हणणे होते. पत्राची बातमी देशभर झाली. अनेक पालकांनी मुख्याध्यापिकांना पाठिंबा दिला, तर काहींनी दुसऱ्या दिवशी मुद्दाम पायजमा घालून निषेध नोंदवला. वाद झाला, परंतु ती विनंती होती. कोणाच्या तोंडावर फाटक बंद करण्याची भाषा त्यात नव्हती.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील ह्यूस्टन शहरातील जेम्स मॅडिसन हायस्कूलचे. एप्रिल २०१९ मध्ये या शाळेने पालकांसाठी रीतसर वेषसंहिता जाहीर केली. केसांना गुंडाळलेले रोलर, डोक्यावरची साटिनची टोपी, झोपण्याचे कपडे, फाटक्या जीन्स, अतितंग लेगिंग्ज, कमरेखाली घसरलेली पँट, पुरुषांचे नुसते बनियन असे सारे निषिद्ध ठरले आणि नियम मोडणाऱ्या पालकाला शाळेच्या आवारात प्रवेश मिळणार नाही, असे बजावण्यात आले. त्याच सुमारास मुलीचे नाव शाळेत दाखल करण्यासाठी आलेल्या एका आईला, आखूड झगा आणि डोक्याला बांधलेला रुमाल या कारणावरून परत पाठवण्यात आल्याचे प्रकरण गाजत होते. पालक हेच मुलाचे पहिले शिक्षक असतात, तेव्हा बाहेर पडताना कसे राहावे याचा धडा त्यांनीच घालून द्यावा, अशी मुख्याध्यापिकांची भूमिका होती. त्या स्वतः कृष्णवर्णीय होत्या, हे येथे लक्षात घ्यायला हवे. त्यांच्या मते ही मुलांना पुढे नोकरीच्या बाजारात उभे राहता यावे, म्हणून लावलेली शिस्त होती. टीकाकारांना त्यात गरीब आणि कृष्णवर्णीय आयांविषयीचा तुच्छताभाव दिसला. शहरातील शिक्षक संघटनेच्या अध्यक्षांनीही नियमावर कठोर टीका केली. दर आठवड्याला केशरचना करून घेण्याइतका पैसा आणि वेळ प्रत्येकीपाशी नसतो, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता.

दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे मान्य करावे लागेल. शाळा हे सार्वजनिक ठिकाण आहे आणि तेथे काही किमान संकेत पाळले जावेत, ही अपेक्षा अवास्तव नाही. विद्यार्थ्याच्या शर्टाची सुटलेली बटणे आणि न कापलेली नखे तपासणाऱ्या शिक्षकाला, त्याच मुलाचा हात धरून अस्ताव्यस्त वेषात उभा असलेला पालक अडचणीत टाकतो. परंतु या साऱ्या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरली जाते. ती अशी की, पालक सकाळी कपाट उघडून शांतपणे निवड करतो. प्रत्यक्षात ही निवड फारशी मोकळी नसते. हाताशी किती वेळ आहे, तेथून पुढे कोठे जायचे आहे आणि फाटकावर कोणाच्या नजरा आहेत, या तीन गोष्टींचा तो घाईत केलेला हिशेब असतो.

आधी वेळेचा विचार करू. मुंबई-पुण्यातील सकाळच्या सत्राची शाळा सातच्या आसपास भरत असेल, तर घरातील बाई त्याआधी दीड-दोन तास उठलेली असते. पाणी भरणे, डबा करणे, मुलाला उठवून आंघोळ घालणे, गणवेशाला इस्त्री करणे, वह्या-पुस्तके भरणे, या क्रमात तिच्या स्वतःच्या कपड्यांचा क्रमांक शेवटचा असतो. गाऊनवर ओढणी घेऊन कोपऱ्यावरच्या स्कूल बसपर्यंत मुलाला पोहोचवणारी आई आपल्या प्रत्येक गृहनिर्माण संस्थेच्या दारात दिसते, ती यामुळेच. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर घरकामात सहभागी होणारे पुरुष ८८ मिनिटे. आईच्या अंगावरच्या चुरगळलेल्या गाऊनचे स्पष्टीकरण या दोन आकड्यांत आहे. प्राथमिक चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असा निर्णय राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला, तो मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. पण शाळेची वेळ बदलली की आईच्या कपड्यांचा हिशेबही बदलतो. नऊ वाजता मुलाला सोडणारी नोकरदार स्त्री कार्यालयाच्या कपड्यांतच बाहेर पडते, कारण तेथून परत घरी येण्याची सवड तिला नसते. वेष तिच्या आवडीपेक्षा वेळापत्रकाने ठरतो.

गाऊन या वस्त्राबद्दलचा राग शाळेपुरता मर्यादित नाही. नवी मुंबईतील गोठिवली गावात २०१४ साली एका महिला मंडळानेच गाऊन घालून घराबाहेर फिरणाऱ्या स्त्रियांना ५०० रुपये दंड जाहीर केला होता. आंध्र प्रदेशातील पश्चिम गोदावरी जिल्ह्यातील तोकलपल्ली गावात २०१८ मध्ये ज्येष्ठांच्या समितीने सकाळी सात ते संध्याकाळी सात या वेळात नाइटी घालण्यास मनाई केली आणि दंड ठेवला २,००० रुपयांचा. दोन्ही ठिकाणी बंदी आली ती स्त्रियांच्या वस्त्रावर. अर्धी विजार आणि बिनबाह्यांचा टी-शर्ट अशा वेषात मुलाला सोडायला आलेल्या वडिलांकडे पाहून फार तर ‘आज सुट्टी दिसते’ एवढेच म्हटले जाते. ह्यूस्टनच्या नियमात पुरुषांच्या बनियनचा उल्लेख होता हे खरे. तरी वादाच्या केंद्रस्थानी आली ती आईच. मुलाचे नीटनेटकेपण हे आईचे कर्तृत्व आणि तिचा वेष हा घराच्या संस्काराचा दाखला, ही समजूत डार्लिंग्टनपासून गोठिवलीपर्यंत सारखीच आहे.

शाळेपायी पालक वेष बदलतात, तो नेहमी सक्तीने बदलतात असेही नाही. चीनमध्ये दरवर्षी ७ जूनला सुरू होणाऱ्या ‘गाओकाओ’ या महाविद्यालयीन प्रवेश परीक्षेच्या दिवशी असंख्य आया ‘चीपाओ’ हा पारंपरिक झगा घालून परीक्षा केंद्राबाहेर उभ्या राहतात. चिनी भाषेत ‘ध्वज फडकताच विजय’ अशा अर्थाचा जो वाक्प्रचार आहे, त्यातील ‘ची’ हे अक्षर या वस्त्राच्या नावातही येते, म्हणून तो शकुन. काही वडीलही याच न्यायाने जुन्या पद्धतीचा डगला घालतात. जपानमध्ये नामवंत खासगी प्राथमिक शाळांच्या प्रवेशासाठी आई-वडिलांचीही मुलाखत होते आणि त्या वेळी आईने गडद निळा, साधा सूट घालण्याचा संकेत इतका पक्का आहे की, मोठी दुकाने खास या प्रसंगासाठीचे कपडे विकतात. चिनी आईच्या झग्यात मुलाविषयीची माया आहे. जपानी आईच्या निळ्या सुटात निवड समितीच्या नजरेची धास्ती आहे.

ही धास्ती आपल्याकडच्या शहरी पालकाला परकी नाही. बालवर्गाच्या प्रवेशासाठी आई-वडिलांना ‘भेटीला’ बोलावले जाते, तेव्हा कोणती साडी नेसावी, सलवार-कमीज चालेल का, इंग्रजीत बोलायचे तर वेषही तसाच हवा का, यावर घरोघरी खल होतो. खरे तर बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणाऱ्या २००९ च्या कायद्याचे कलम १३ या बाबतीत निःसंदिग्ध आहे. प्रवेश देताना बालकाची वा त्याच्या पालकांची कोणतीही चाळणी लावता येत नाही. लावल्यास पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतर प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पालकाकडे पाहून मुलाला घ्यायचे की नाही हे ठरवू नये, हाच त्या कलमाचा गाभा आहे.

याच कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखून ठेवल्या. जवळ सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना यातून सूट देण्याचा राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केलेला बदल मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केला आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. त्यामुळे एकाच फाटकापाशी मोटारीतून उतरणारी आई आणि चार घरची धुणीभांडी आटोपून धावत आलेली आई, अशा दोघी उभ्या राहण्याची वाट मोकळी राहिली. पहिलीच्या अंगावर व्यायामशाळेचे कपडे असतील तर ते आरोग्याविषयीच्या जागरूकतेचे लक्षण ठरतात; दुसरीच्या साडीचा पदर ओला असेल तर तो गबाळेपणा ठरतो. दोघींचे कपडे कामाचेच. फरक आहे तो कोणाचे काम प्रतिष्ठेचे मानायचे यात. वेषाचा लेखी नियम आला, तर तो नेमका या दुसऱ्या आईवर कोसळेल. ती वाद घालणार नाही, बातमी होणार नाही. ती पालकसभेला येणे बंद करील, आणि मूल वर्गात मागे का पडते आहे, हे शिक्षकांनी सांगायचे ठरवले तरी ऐकायला कोणी समोर नसेल.

फाटकावरचा सर्वांत कठोर परीक्षक शाळा नसून स्वतःचे मूलच असते, हेही विसरून चालणार नाही. ‘उद्या साडी नेसून ये’, ‘बाबांना नको, तूच ये’ अशी फर्माने पाचवी-सहावीतल्या मुलांकडून सुटू लागतात. शिक्षकांसमोर आईची लाज वाटणारी मुलगी गौरी शिंदे यांच्या ‘इंग्लिश विंग्लिश’ (२०१२) या चित्रपटात दिसली, तेव्हा निमित्त भाषेचे होते. वेषाचेही असू शकले असते. शाळेने पालकांच्या कपड्यांवर शेरे मारले, तर मुलाच्या मनातील या लाजेवर शिक्कामोर्तब होते. सर्व मुलांना एक गणवेश घालून घरची ऐपत झाकायची आणि त्यांच्या पालकांच्या कपड्यांवरून तीच उघडी पाडायची, हा विसंवाद कोणत्याही शिक्षणसंस्थेला शोभणारा नाही.

मग पालकांच्या वेषाबाबत शाळेने काहीच बोलू नये काय? अवश्य बोलावे, पण जेथे बोलणे अत्यावश्यक आहे तेथे. पुण्यासारख्या शहरात असंख्य मुले दुचाकीवरून शाळेत येतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट आवश्यक आहे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या बालकांसाठी हेल्मेट, चालकाशी जोडून ठेवणारा सुरक्षा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा यांचे नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचित झाले व वर्षभराने लागू झाले. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत, यासाठी मागील चाकाच्या निम्म्या भागावर आच्छादन हवे, असे १९८९ पासूनचे केंद्रीय मोटार वाहन नियमही सांगतात. तरीही पुढे एक, मागे एक मूल, वाऱ्यावर उडणारी ओढणी आणि एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही, हे दृश्य फाटकापुढे सर्रास दिसते. पालकाच्या अंगावर काय आहे हे शाळेला पाहायचेच असेल, तर ते आधी येथे पाहावे. गाऊनने कोणाचा जीव जात नाही.

बाकी गोष्टींसाठी डार्लिंग्टनसारखी विनंती पुरेशी आहे. ह्यूस्टनची बंदी आपल्याकडे अनुकरणीय नाही. शाळेने पालकसभेची वेळ नोकरदार आणि कष्टकरी आईला जमेल अशी ठेवली, वडिलांनाही आवर्जून बोलावले आणि आलेल्या प्रत्येकाला खुर्ची दिली, तर पालक आपोआप बरे कपडे करून येतील. कारण जेथे मान मिळतो तेथे माणूस नीटनेटका जातो. आणि एखादी आई एखाद्या दिवशी कामावरून तशीच आली, तरी तिला आत घ्यावे. ती तेथे आली आहे ती मुलासाठी, आणि शाळेच्या दृष्टीने एवढे कारण पुरेसे असले पाहिजे.